हेझलची काळी गोळी

आपल्या पोरीला हक्काने बसता येईल अशी जागाच कुठे नाही, या एका गोष्टीने क्लॅरिसा आतून पोखरून निघाली होती.

मॉन्ट्रियलमधल्या वसईकरांच्या पिकनिकला बायका नाओमीच्या कुरळ्या केसांत बोटं घालून विचारायच्या, "अगं, ही कुणावर गेलीय?" मेल्यांनो, बापावर! बाप इथलाच, काळा, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेला. त्याची माणसं तरी पोरीला मिळावीत म्हणून क्लॅरिसाने सासूच्या क्लबावर आशा लावली.

रेल्वेच्या स्लीपर डब्यांत गोऱ्यांचे बूट पुसणाऱ्या काळ्या पोर्टरांच्या बायकांनी तो क्लब काढलेला. सगळी गुलामांची नातवंडं. पण त्यांचाही तोरा काय सांगावा! दाराशी तपकिरी कागदी पिशवी धरायची आणि तिच्याहून गडद बाईला परत पाठवायचं. सासू, हेझल, तरुणपणी तशीच परत आली होती. गेल्या महिन्यात तिला आत घेतलं, तेही क्लबात मोजक्याच म्हाताऱ्या उरल्या म्हणून.

आज नाओमीला आत घ्यायचं की नाही ते ठरायचं होतं. पद्धत जुनीच. प्रत्येकीने पेटीत गोळी टाकायची. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, आणि एक जरी काळी निघाली तरी संपलं.

अध्यक्ष विनिफ्रेडबाईंनी नाओमीचा गाल कुरवाळला. "काय सुंदर उजळ रंग! आमच्या जुन्या फोटोंतल्या मुलींसारखा."

क्लॅरिसा हरखली. सासूच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

पेटी उघडली. पांढऱ्या गोळ्यांत एक काळी होती.

"माझी आहे ती," हेझल म्हणाली. "मला रंगासाठी हाकललंत, हिला रंगासाठी घेताय. माझी नात तुमच्या त्या फोटोत बसणार नाही."

"अहो, पण पोरीचा काय गुन्हा?" क्लॅरिसा आधी मराठीतच किंचाळली, मग भानावर येऊन तेच इंग्रजीत म्हणाली. "तुमचा सूड तिच्यावर कशाला?"

हेझल जागची उठली नाही. उभ्या जन्मात मिळाली नव्हती ती खुर्ची मिळाली होती. सूप आलं तसं तिने नॅपकिन मांडीवर पसरला.

लव्हालला घरी परतताना गाडीत नाओमीने विचारलं.

"मॉम, मग मी कुणाची?"

"माझी," क्लॅरिसा म्हणाली. "माझी गं, बाय."

"दॅट्स नॉट इनफ," पोर म्हणाली.