पोट भरल्याची खूण

मित्रांनो, मला बघून नाकं मुरडू नका. जाड कापडाचा, ठिकठिकाणी ठिगळं लावलेला मी एक तोबरा आहे. घोड्याच्या तोंडाला बांधून दाणे खाऊ घालायची पिशवी. बारा वर्षं एकाच घोडीच्या लाळेत भिजतोय. दमलो आता, खरंच सांगतो.

माझा मालक गाडीवान. त्याची घोडी पावाची गाडी ओढते. नखरे फार, म्हणून तिचं नाव बाईसाहेब. तिच्या पोटाला तो जिवापाड जपायचा. आधी गवत, मग पाणी, मग दाणे. तेही दिवसातून तीनदा, थोडे थोडे. घामाघूम होऊन आली, तर अंग निवेपर्यंत दाण्याचं नाव नाही. "घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलं ते गेलं," असं तो येईल त्याला ऐकवायचा.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची लेक. घोडी विकून टेम्पो घेऊ या, असं लेक एकदा म्हणाली आणि बापाचं टाळकं सरकलं. तेव्हापासून दोघांत अबोला. सकाळ-संध्याकाळ बापच दाणे द्यायचा, पण दुपारी जो घरी असेल तो. मग दुपारचे दिले की नाही, हे कळणार कसं? ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. दिले की मला उलटा करून खुंटीला टांगायचं. सुलटा दिसलो, तर घोडी उपाशी. सहा महिने त्या घरातला निरोप्या मीच.

एका दुपारी बाप गाडीचं चाक दुरुस्त करायला गेला होता. लेकीने घोडीला दाणे दिले, मला उलटा केला. तेवढ्यात तिला माझी उसवलेली शिवण दिसली. गुणाची पोर! लगेच बसून टाके घातले, सुलटा करून निरखला, तसाच टांगला आणि गवत आणायला गेली.

बाप आला. "अजून उपाशी ठेवलीय गं तुला!" म्हणत रागाच्या भरात त्याने मला काठोकाठ भरलं. मी फडकं, मी काय बोलणार? आणि बाईसाहेब कशाला नको म्हणतील!

तासाभरात घोडी पाय आपटू लागली, वळून वळून पोटाकडे बघू लागली. मग तिने अंगच टाकलं. गुरांचे डॉक्टर धावत आले. "दुपारी काय दिलंत?"

"एक तोबरा," बाप म्हणाला.

दारातून लेक हळूच म्हणाली, "मीपण दिला होता."

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, पोट हलकं केलं, औषध पाजलं. "आता खायला काही नको. हळूहळू फिरवा. लीद पडली तर वाचली समजा."

दोघं आळीपाळीने तिला अंगणात फिरवत होती. बापाचा चेहरा मला बघवेना. दिवे लागले आणि घोडी थांबली. तिने शेपूट उचललं.

"अगं, लीद टाकली! इकडे ये, बघ तरी!" बाप ओरडला. लेक धावत आली आणि लिदीकडे बघत दोघंही रडायला लागली.

मित्रांनो, मुक्या जनावराला वेळेवर द्या, बेताने द्या. आणि देण्याआधी घरात विचारा. आता बाप रोज विचारतो, "दिलेस का गं दाणे?" मी उलटा आहे की सुलटा, हे कुणी बघतही नाही. बरं झालं बाबा. सुटलो.