शांतीची वाटी

ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच, आणि राजारामच्या हाती सूत जाऊन सिमेंट आलं. खाडीकडच्या एका अणुकेंद्रात तो ठेकेदाराच्या हाताखाली लागला. किरणोत्सर्गी कण चिकटलेले पाइप, पत्रे, नळ्या पिंपात रचायच्या आणि वरून सिमेंट ओतायचं. असं बंद केलं की धातू सहसा गंजत नाही, आणि त्याला चिकटलेलं विष बाहेर पाझरत नाही. लालबागच्या चाळीत कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "गवंडीकाम करतो." समजावत कोण बसणार!

या कामात पाण्याचं माप चुकलं की सगळं मुसळ केरात. त्या आठवड्यात मापाचा मग तडकला आणि नवा काही येईना. शहाण्या माणसानं वर जाऊन सांगितलं असतं. आमच्या राजारामनं घरातली वाटी शर्टात लपवून आत नेली. घरात वाट्यांना तोटा नव्हता, पण यानं नेमकी शांतीची उचलली. मापाला बरी पडते, असं त्यानं स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर एक दिवस लेक आपल्यासोबत असावी, एवढंच त्याला वाटलं होतं.

शांती संप ऐन भरात असताना तापानं गेली. नीट चालायलाही लागली नव्हती. तिचा एकही फोटो नव्हता. बारशाला मामानं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची वाटी दिली होती आणि भांडीवाल्याकडून तिच्यावर नाव घालून घेतलं होतं: 'चि. शांतीस, मामाकडून'. तिचं नाव लिहिलेली जगात तेवढीच एक जागा. राजारामची बायको कांता दर अमावास्येला त्या वाटीत दूधभात काढून खिडकीत ठेवायची.

सुटीच्या वेळी दारावरच्या किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रानं वाटीपाशी कडकडाट केला. साबणानं घासली, औषधात बुडवली, तरी यंत्र गप्प बसेना. वाटी आता घरी जाणार नव्हती. ती कचरा झाली होती, आणि कचऱ्याची जागा पिंपात.

राजाराम प्रयोगशाळेत राजलक्ष्मीबाईंकडे धावला. बाई फणसवाडीत वाढलेल्या, शास्त्रज्ञ, एकेक शब्द तोलून बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर हा धिप्पाड माणूस लहान पोरासारखा रडला.

"बाई, पिंपात नका टाकू. तुम्हीच म्हणाला व्हता, आपलं रोजचं सिमेंट जर्मनला खातं."

"खातं. त्यातल्या खारानं ॲल्युमिनियम झिजतं, वायूचे बुडबुडे सुटतात आणि ठोकळाही तडकतो. म्हणून तर नव्या सिमेंटच्या मागे लागलेय मी."

"मग त्यात ठेवा. पोरीचं नाव तरी ऱ्हाईल."

बाईंनी वाटीवरची अक्षरं काचेपलीकडून वाचली. मग म्हणाल्या, "नियम मोडलात, ते मी वर कळवणार. आणि वाटी परत मिळायची आशा सोडा. पण चाचणीच्या ठोकळ्यात मला ॲल्युमिनियम घालायचंच आहे. ही घालू."

"किती टिकंल?"

"माझं गणित चुकलं नसेल, तर तुमच्या-माझ्या पश्चातही पुष्कळ."

नवं सिमेंट भराभर आळतं, म्हणून बाई घाई करत होत्या. हातमोज्यांतले राजारामचे हात मात्र जड झाले होते. वाटी पालथी घातली तर आत हवा राहते, म्हणून त्यानं ती साच्यात उताणी ठेवली. आधी ती काठोकाठ भरली, मग बाजूनं ओतत गेला. अक्षरं बुडाली, काठ बुडाला. बुडबुडा एकही आला नाही. बाईंचा चेहरा उजळला आणि लगेच त्यांनी मान खाली घातली.

तो घरी आला तेव्हा कांतानं मोरीपासून माळ्यापर्यंत सगळं उचकटून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

"अवं, वाटी कुटं हाय? कुटंच गावंना."

राजारामनं एक अक्षर न लपवता सगळं सांगितलं. ती अंगावर धावून येईल असं त्याला वाटत होतं. ती स्टोव्हपाशी जाऊन बसली.

"कुणी झाकली?"

"म्याच."

"तुमच्या हातानं?"

"माझ्या हातानं."

शांती गेली तेव्हा राजाराम गावाकडे होता, घरात दाणा नव्हता म्हणून ज्वारी आणायला गेलेला. तार उशिरा पोचली. मामानंच भाचीला उचलून नेलं आणि मातीत ठेवलं. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून कांताला चाळीच्या जिन्यापाशीच धरून ठेवलं होतं. त्यावरून तिनं नवऱ्याला आजवर चकार शब्दानं बोल लावला नव्हता.

"तवा यायला पायजे हुतं तुमी," ती आता म्हणाली. "बाप जित्ता असून भावानं माती लोटली माज्या लेकीवर."

राजाराम तिच्यासमोर जमिनीवर बसला.

तिनं डोळ्यांना पदर लावला. "मला तितं न्याल? हात न्हाई लावायची. लांबनंच बघीन."

"कुणालाच सोडत न्हाईत गं आत."

"म्हंजे याबी खेपंला मी जिन्यापातुरच," कांता म्हणाली.