छातीत चहाचे पेले

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा पुतळा आहे. पुतळा म्हटलं की तुम्हाला चौकातला घोड्यावर बसलेला आठवेल. मी तसला नाही. मी गळ्यापासून कमरेपर्यंतच आहे. माझी छाती कपाटाच्या दारासारखी उघडते आणि आतली फुप्फुसं, काळीज, जठर अशी एकेक हातात काढून घेता येतात. मला डोकं नाही. पण भाषा विभागात इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, तिथला बिनडोक मी एकटाच नाही.

तुम्हाला वाटेल, म्हातारा चिडलाय. चिडलो असतो तर बरं होतं. मला किळस आली आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण डॉक्टरांच्या शाळेत जाणार. घेतलं मात्र एका भाषेच्या प्राध्यापक बाईंनी. दिवसा त्या महाविद्यालयात शिकवत आणि संध्याकाळी तळमजल्यावरच्या खोलीत, परमुलखातून कामाला आलेल्या बायकांचा वर्ग घेत. त्या म्हणायच्या, "बाजारात बोलता आलं नाही तर भाजी महाग पडेल. दवाखान्यात बोलता आलं नाही तर जीव जाईल." म्हणून पहिला धडा माझ्यावरून सुरू व्हायचा. बायका माझ्या जठरावर बोट ठेवून आधी घरच्या भाषेत आणि मग इथल्या भाषेत सांगत: इथं जळजळतं, इथं कळ येते, इथं टोचल्यासारखं होतं. एकीनं माझं काळीज तळहातावर घेऊन म्हटलं, "अगं बाई, हे तर केवढं मोठं! आमच्या ह्यांचं शोधावं लागेल." सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली होती.

बाईंचा एक नियम होता. वर्गात "समजलं का?" असं कुणी विचारायचं नाही. "पाहुणीला पोट भरलं का विचारलं, तर ती हो म्हणतेच," त्या शिकाऊ शिक्षकांना बजावत. "तिला म्हणा, आता तुम्ही मला करून दाखवा."

विभागातले लोक नाकं मुरडत. ही प्राध्यापक आहे की दवाखान्यातली आया, असं त्यांच्या पाठीमागे बोलत. बढतीच्या वेळी इतर पुढे गेले. बाई मला बगलेत मारून त्या बायकांच्या वस्तीत जात राहिल्या.

त्या निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. नव्या विभागप्रमुखांनी संध्याकाळचा वर्ग बंद करून त्या जागी महिन्यातून एक भाषण ठेवलं. मला दाराआड उभं केलं. माझ्या खांद्यावर ओल्या छत्र्या टांगल्या. कुणीतरी चघळलेलं च्युइंगम माझ्या यकृताला चिकटवलं. चहा पिऊन झाला की उष्टे कागदी पेले माझ्या छातीत कोंबायचे, कारण कचऱ्याची टोपली चार पावलं लांब होती. आत बुरशी धरली, मुंग्या आल्या. शिकलेली माणसं, मित्रांनो!

मग एक दिवस विभागप्रमुखांना बाईंचा सत्कार करायची हुक्की आली. मला मंचावर उभं करून पुसलं, पण फक्त समोरून. फोटो समोरूनच निघतो ना! सभागृहात मोठा फलक होता, 'दोन भाषांतून आरोग्य-शिक्षण'. तो फलकही एकाच भाषेत होता आणि भाषणही. जुन्या विद्यार्थिनींना मागच्या रांगांत बसवलं होतं. त्यांत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना दमा होता आणि डॉक्टरांनी त्याच आठवड्यात नवा पंप दिला होता.

विभागप्रमुखांनी पडद्यावर पंपाची चित्रं भराभर सरकवली आणि विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?"

"हो!" सगळ्या म्हणाल्या. मावशीही म्हणाल्या. टाळ्या झाल्या.

पडद्यामागची धूळ उडाली की गर्दीनं कोंडलं, कोण जाणे, पण थोड्याच वेळात मावशींना धाप लागली. त्यांनी घाईघाईनं पंप तोंडाला लावला आणि शेगडी फुंकावी तशी आत फुंकर मारली. औषध बाहेरच उडालं. पुन्हा फुंकलं. ओठ निळसर झाले. विभागप्रमुख ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "कुणीतरी पाणी द्या त्यांना."

बाई हातातला पुष्पगुच्छ टाकून उठल्या. त्यांनी माझी छाती उघडली आणि पेले घरंगळत मंचभर पसरले. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. माझं उजवं फुप्फुस उपटून त्या मावशींपाशी धावल्या. आधी मावशींच्या भाषेत आणि मग इथल्या भाषेत म्हणाल्या, "फुंकू नका. ओढा. औषध इथं जायला हवं. मी दाबते, तुम्ही ओढा."

मावशींनी ओढलं. थांबून पुन्हा ओढलं. हळूहळू तोंडावर रंग आला.

"अहो, तुम्ही तर हो म्हणालात की!" विभागप्रमुख वैतागून म्हणाले.

मावशी धापा टाकतच म्हणाल्या, "साहेब, इतक्या लोकांत नाही कसं म्हणायचं?"

तेव्हा विभागप्रमुखांना लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय? ते छायाचित्रकाराला म्हणाले, "ते पेले उचला आधी, फोटोत येतील."

बाई मला न्यायला निघाल्या, तर पुतळा विभागाच्या मालकीचा आहे, बाहेर नेता येणार नाही, असं सांगण्यात आलं. बाईंनी वाद घातला नाही. फुप्फुस पिशवीत टाकलं, मावशींचा हात धरला आणि त्या चालत्या झाल्या. आता मावशींच्या शिवणकामाच्या खोलीत वर्ग भरतो, असं झाडणाऱ्या काकू सांगत होत्या.

मी अजून दाराआडच आहे. छातीत कालचे पेले आहेत. फक्त उजवीकडची जागा रिकामी आहे, कारण माझं ते फुप्फुस कामावर गेलंय.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण ज्याला शिकवाल, त्याच्या मानेकडे बघून पुढे जाऊ नका. मान कुणीही हलवतं. मीही तुम्हाला समजलं का, असं विचारणार नाही. हे पुस्तक मिटा आणि सांगा बघू, मावशी हो का म्हणाल्या?