मावशी गोरी होते

मावशीच्या गालावर पहिला पांढुरका ठिपका उमटला तेव्हा ती घाबरली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती खूश झाली. स्वतःच्याच पार्लरमधल्या मोठ्या आरशासमोर उभं राहून तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि म्हणाली, "लागू पडलं बाई एकदाचं."

लागू पडलं म्हणजे गोरं करणारं क्रीम. खोकीच्या खोकी पडून होती. गिऱ्हाइकांचं सोडा, पार्लरमधली पालसुद्धा त्या खोक्यांवरून जायची नाही.

मावशीचा गोरेपणावर जीव होता तो उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी तिला काळा आजार झाला होता. संपता संपेना असा ताप, फुगून भोपळा झालेली प्लीहा, हातापायांच्या काड्या, आणि आजाराने नावाला जागून केलेला तव्यासारखा चेहरा. दवाखान्याच्या औषधाने ती खडखडीत बरी झाली. पण गल्लीतल्या बायका काय कमी? "जीव वाचला, रंग मात्र गेला हो," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की ठिपके दिसताच मावशीला ती नुकसानभरपाईच वाटली.

ठिपक्यांची नक्षी झाली. ना खाज, ना आग. पार्लरबाहेर रांग लागायला लागली.

"किती लावायचं हो?"

"वाटाण्याएवढं. तोंडाला लावायचंय, भिंतीला नाही."

मागच्या खोलीत, जिथल्या भिंतींना ओल होती आणि भेगा तर विचारू नका, मावशी आणि तिची भाची राहायच्या. भाची दहावीत, जिभेला हाड नाही. परीक्षेच्या आधी तिला ताप आला. मावशी म्हणाली, अभ्यास केला नाही की येतोच. परीक्षा झाली, निकाल लागला, भाची पास झाली, ताप मात्र त्याच वर्गात बसून राहिला. जेवण सुटलं, पोट डाव्या बाजूला कडक झालं. तरी मावशी काढे देत होती. मग एक दिवस तिने टोमणा मारला आणि भाचीने उलट उत्तरच दिलं नाही. तेव्हा मात्र मावशीने भर गिऱ्हाइकीत शटर ओढलं आणि तिला रिक्षात घातलं.

दवाखान्यात सिस्टरने बोटाला टोचून रक्त पट्टीवर टाकलं. थोड्या वेळाने म्हणाली, "काळा आजार. घरात आधी कुणाला झाला होता?"

"मला. पण मी बरी झाले."

सिस्टर तिच्या गालाकडे बघत राहिली. "हे कधीपासून?"

"क्रीम आहे. तुम्हालाही देते, डोळ्यांखाली लावा."

"कुठे कुठे लावता?"

"चेहऱ्याला फक्त."

"मग पाठीवर कसं आलं?" खाटेवरून भाची पुटपुटली.

"पाठीवर काय आलंय?"

"अगं, रोज तुझ्या ड्रेसची चेन मीच लावते ना. ठिपकेच ठिपके आहेत. मला वाटलं, उरलेलं क्रीम पाठीला पुसतेस."

मावशी स्टुलावर बसली. सिस्टरने खात्रीसाठी तिच्या कातडीचा नमुना घेतला आणि सांगितलं, "तुम्ही बऱ्या झालात, पण आजार गेला नाही. कातडीत बिऱ्हाड करून बसतो कधी कधी. तुम्हाला काही होत नाही. पण वाळूमाशी तुम्हाला चावते आणि मग हिला. डासाहून बारीक असते, गुणगुणतही नाही. ओलसर भेगांत राहते."

"म्हणजे हिला मी दिला?"

"दिला माशीने. तुम्ही फक्त तिच्या जेवणाची सोय केलीत."

"घरात तेवढं एकच जेवण वेळेवर मिळत असणार," भाची म्हणाली. मावशीला रडूही आलं आणि हायसंही वाटलं.

संध्याकाळी नमुन्याचा निकाल आला. तोच आजार. भाचीला सलाइनमधून औषध सुरू झालं. मावशीला तीन महिने गोळ्या.

"खोलीत फवारणी करू," सिस्टर म्हणाली. "पण गल्लीत अजून कुणाला ताप असेल, डाग असतील, ते कसं कळणार? आम्ही गेलो की बायका दारं लावतात. तुमच्याकडे मात्र रांगा लावतात."

गोळ्या गुपचूप घ्याव्यात, भाचीला टायफॉइड झाला म्हणून सांगावं, असं सगळं मावशीच्या मनात आलं. का येऊ नये? पार्लर गेलं तर खायचं काय? मग तिने भाचीच्या दंडाकडे बघितलं. सुई टोचायलाही नीट जागा नव्हती.

सकाळी शटर वर गेलं तेव्हा रांग उभीच होती. मावशीने सगळं सांगून टाकलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

"स्वतः गोरी झाली, आता आम्हाला नको म्हणते," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शिवणयंत्रावरून बोलून बोलून मोठा झाला होता. "भाव वाढवायचाय, दुसरं काय."

मावशीने रांगेकडे पाठ केली आणि सर्रकन चेन खाली ओढली.

"बघा. इथे पोचतो का माझा हात? कोण लावून गेलं मला क्रीम, माशी?"

दोघीतिघींनी स्वतःचा हात मागे नेऊन पाहिला. पोचला नाही.

शिंपीणबाई खुर्चीत बसल्या आणि हळूच बाही वर केली. दंडावर तसेच ठिपके होते.

"मी तर क्रीम अजून घेतलंच नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुमच्या शेजारी बसून गुण नाही पण वाण लागला."

"तापाने पडल्या होतात ना, मागे?"

"तुमच्या मागोमागच. तोच आजार, तेच औषध झालं होतं."

"मग उठा. बाकीच्यांत कुणाला ताप असेल, डाग असतील, त्याही चला. भुवया उद्या करू."

शिंपीणबाई उठल्या, पण दारात अडल्या. "टोचतात का हो तिथे?"

"टोचतात की," मावशी म्हणाली. "पण वर पंखा आहे."