लखनच्या गाडीचं चाक

“अजी, झालं का नाही अजून? लखन फाट्यावर उतरला म्हणते. दिव्याले फोन आला होता,” दसरूची बायको फुलवंता दारातून म्हणाली.

दसरूने मान वर केली नाही. ओलं चाक मांडीवर आडवं धरून तो त्याच्या मधल्या भोकातून पितळेचं कडं, म्हणजे बुश, ठोकून काढत होता. पोरगा होळीला येणार होता, आजच कसा आला? समोर लखनची मोटारसायकल पुढून विटांवर टेकवलेली होती. शेजारी दसरूची जुनी गाडीही तशीच. गाड्या दोन, पण पुढचं चाक एकच.

दसरू इटियाडोह धरणाचे मासे गावोगाव विकायचा. पहाटे बर्फाची पेटी मागे बांधायची, केशोरीपर्यंतची गावं करायची आणि उन्हं कलताना परतायचं, हे लखनच्या जन्माआधीपासून चाललेलं. दिवाळीनंतर एका खड्ड्यात त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाचा हब तडकला. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. गोंदियाच्या भंगारवाल्यांकडेही तसलं चाक मिळालं नाही. आणि अंगणात ताडपत्रीखाली लखनची गाडी नुसती उभी होती. हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर राबून त्याने ती घेतली होती. पुन्हा कामावर जाताना त्याने बापाला एकच सांगितलं होतं. अधूनमधून चालू कर, पण मासे लादू नको. सीटमध्ये वास बसला की जात नाही.

दसरूने ते मनावर घेतलं. मासे लादायचे नाहीत म्हणजे नाहीत. पण चाकावर कोण मासे लादतं?

फाट्यावरच्या उमेंद्र मिस्त्रीने दोन्ही गाड्या पाहिल्या. चाकं जवळपास सारखीच, आतला ड्रमही सारखा. फरक एवढाच की लखनच्या गाडीचा एक्सल, चाकाच्या आतला दांडा, जाड आणि दसरूच्या गाडीचा बारीक. मोठ्या भोकात बारीक एक्सल खेळत राहिला असता, म्हणून मधे घालायला उमेंद्रने बुश करून दिलं. ब्रेकची प्लेट मात्र ज्या गाडीची त्याच गाडीला ठेवायची. “काका, आता या चाकाले सासर एक अन् माहेर एक,” तो हसून म्हणाला होता.

तेव्हापासून रोज पहाटे चाक सासरी जायचं आणि परतल्यावर धुऊनपुसून माहेरी यायचं. पहिल्या पहिल्यांदा दसरूला त्याची गंमत वाटली. आता गंमत उरली नव्हती. दिवसभर उन्हातून आल्यावर जेवायच्या आधी उकिडवं बसून चाक खोलायचं, धुवायचं, बसवायचं. उठताना हात कशाला तरी धरावा लागायचा. कधी वाटायचं, लखनला फोन करून सरळ विचारावं. पण हैदराबादचा फोन आला की पोराचा आवाजच इतका थकलेला असायचा, की जेवलास का, यापुढे बोलणं जायचं नाही.

त्याने घाईघाईत चाक चढवलं, एक्सल घातला, नट आवळला आणि जुन्या गाडीवर ताडपत्री ओढली. तेवढ्यात लखन अंगणात आला. आल्या आल्या त्याने गाडीवरून हात फिरवला. अगदी नवी ठेवली म्हणाला. बापाच्या पाया पडला, आणि चहा ठेवेपर्यंत धरणावर जाऊन येतो म्हणत बहिणीला, दिव्याला, मागे बसवून निघालासुद्धा.

फुलवंताने चहा आणून दिला. दोन घोट घेतले आणि दसरूला खाच आठवली.

ब्रेकच्या प्लेटला कडेला एक खाच असते आणि गाडीच्या पुढच्या नळीवर एक उंचवटा. खाच त्या उंचवट्यात बसली की प्लेट जागची हलत नाही, आणि ब्रेक दाबला की चाक हळूहळू थांबतं. खाच चुकली, तर ब्रेक दाबताच प्लेटही चाकाबरोबर फिरते, तार ताणली जाते आणि चाक जागीच आवळतं. गाडी थांबते, माणसं पुढे फेकली जातात. म्हणून दसरू नट आवळण्याआधी तिथे रोज बोट लावून पाहायचा. आज बोट लावल्याचं त्याला आठवेना.

धरणावरून परतताना मोठा उतार होता. त्याने दिव्याला फोन लावला.

“कुठं आहा?”

“चढून राह्यलो बा. काऊन?”

“थांबा तेथंच. दादाले म्हण, समोरचा ब्रेक दाबू नोको.”

दिव्याला चाकाचं सगळं माहीत होतं. ती हलक्या आवाजात म्हणाली, “हवा कमी हाय म्हणून सांगू का?”

दसरूने क्षणभर विचार केला. हवा कमी म्हटलं तर लखन पंक्चरच्या दुकानाकडे वळेल. दुकान खाली होतं, त्याच उताराच्या तळाशी.

“नाही. चाकाचं सांग.”

“सगळं?”

“सगळं.”

नट खोलायचे पाने गमछ्यात बांधून तो पायीच निघाला. उन्हाळी धानासाठी सोडलेल्या पाण्याने कालवा भरून वाहत होता. रस्ता कालव्याच्या काठाकाठाने चढत होता. कधी नव्हे इतका तो आज लांब वाटला.

वळणावर गाडी उभी होती. लखन शेजारच्या दगडावर बसला होता. दसरूने बसून नट सैल केला, एक्सल थोडा ओढला आणि प्लेटच्या कडेला बोट घातलं. खाच उंचवट्यात नीट बसलेली होती.

“बरोबरच हाय,” तो म्हणाला.

“म्हणजे सांगतलं नसतं तरी चाललं असतं,” दिव्या म्हणाली. मग भावाकडे वळली. “बा रोज शाम्पू लावून धुते तुहं चाक. मायले आंघोळीले शाम्पू राहत नाही.”

लखन हसला नाही. “कवापासून चालू हाय हे?”

“दिवाळीपासून.”

“मंग आख्खीच गाडी काऊन नाही नेली?”

दसरू नट आवळत होता. आवळून झाल्यावर त्याने पुन्हा एकदा बोट लावून पाहिलं.

“तू नाही म्हणला होता ना, बाबू.”

त्यात राग नव्हता. पाऊस आला म्हणून आज गेलो नाही, असं सांगावं तसं ते सांगितलं होतं. लखन बापाच्या हातांकडे पाहत राहिला. नखांच्या कडांना मासळीचे खवले चिकटलेले होते, त्यावर आता ग्रीस.

“बस मागं,” तो म्हणाला. “तिघं जाऊ.”

“तुमी व्हा समोर. मी येतो हात धुऊन.”

दसरू कालव्याच्या पायऱ्या उतरला. काठची वाळू घेऊन त्याने हात चोळले. ग्रीस निघालं, खवले निघाले. पाणी थंड होतं. गाडी चालू होण्याचा आवाज येईल म्हणून तो कान देऊन होता. आवाज येत नव्हता; दोघं त्याच्यासाठी थांबली होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पाठमोरा बसून तो ते धूतच राहिला.