बर्फावरचं नाणं

शिनूक वारा सुटला की माझं डोकं दुखतं. डोंगर उतरून तो आमच्या माळावर आला की आदल्या दिवसापर्यंत नाकातले केस गोठवणारी थंडी एका रात्रीत पळून जाते. छपरं ठिबकायला लागतात, पोरं नुसत्या शर्टावर हुंदडतात आणि शेजारचा म्हातारा अंगणात खुर्ची टाकून बियर पितो, तेही जानेवारीत. त्या मंगळवारी शिनूकचा दुसरा दिवस होता. माझ्या कवटीच्या आतून कुणीतरी हातोडी मारत होतं आणि खांद्यावर नात होती.

आतल्या खोलीतून टॅरिनच्या पंपाचा आवाज येत होता. घर्र, फुस. घर्र, फुस. तीन महिने आमच्या घराची नाडी याच आवाजावर चालली होती. तेवढ्यात फोन वाजला आणि पंप थांबला.

"हो. बोलतेय. हो. कळलं." हा तिचा कामावरचा आवाज. मग शर्टाची बटणं लावत, हातात कोमट दुधाची बाटली घेऊन ती बाहेर आली. "आई, आलं बोलावणं. दोन तासांत यार्डात."

टॅरिन माझी मुलगी. मालगाडीवर कंडक्टर आहे. म्हणजे तिकिटं फाडत नाही. मैलभर लांब गाडीचे डबे जोडते, सोडवते, रूळ बदलते, ब्रेक तपासत बर्फातून चालते. इथून गाडी निघाली की डोंगरापलीकडे व्हाइटफिशला जाते. तिथे झोप काढायची आणि मिळेल त्या गाडीनं परत यायचं. दीड दिवस तर नक्कीच, नशीब फुटकं असलं तर त्याहून जास्त. रजा रविवारी संपली होती. बाळाचा बाप डकोटाच्या तेलविहिरींवर, त्याची पाळी अजून आठवडाभर होती. म्हणजे हॅटीला मी आणि लायल सांभाळणार.

आणि हॅटीला आईच्या दुधाशिवाय काही चालत नव्हतं. गाईच्या दुधाची पावडर एकदा दिली तर लंगोटात रक्त आलं. तेव्हापासून टॅरिननं स्वतःही चीज सोडलं, लोणी सोडलं. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती वकिलासारखी वाचायची. डॉक्टरांनी सांगितलेली खास पावडर औषधाच्या दुकानात मागवलेली होती. ती घेऊन येणारा ट्रक घाटात अडकला होता.

म्हणून पंप. दूध काढायचं, पिशवीत भरायचं, तारीख घालायची, स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये चपटं गोठवायचं आणि दर रविवारी तो गठ्ठा गॅरेजातल्या मोठ्या, पेटीसारख्या फ्रीझरमध्ये हलवायचा. त्या फ्रीझरमध्ये आधीपासून लायलचं एल्क होतं. म्हणजे शरद ऋतूत त्यानं मारलेल्या, घोड्याएवढ्या सांबराचं मांस, कागदात बांधून ठेवलेलं.

लायल माझा दुसरा नवरा. टॅरिन आणि तो सहा वर्षं एकमेकांशी डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसांसारखे वागत आलेत. "मीठ देता का?" "घ्या ना." फ्रीझरची वेळ आली तेव्हा तिनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "दूध एका बाजूला, तुमचं जनावर एका बाजूला. माझ्या पिशवीला रक्ताचा डाग लागता कामा नये." लायलनं निम्मं एल्क शेजाऱ्यांना वाटलं आणि मधे प्लायवूडची फळी बसवली. वर तिला विचारलं, फळी सरळ आहे ना.

"मी जाऊन आजची पिशवी काढून आणते," मी म्हटलं आणि हॅटीला टॅरिनकडे दिलं.

गॅरेजात पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकलंय असं वाटलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. तो फ्रीझर म्हणजे घोरणारा म्हातारा आहे. तो घोरत नव्हता.

झाकण उचललं. वरच लायलचा पेला होता. आमच्या माळावर वाऱ्यानं तारा तुटून वीज जाते, म्हणून बऱ्याच घरांतून ही युक्ती करतात: पेल्यात पाणी गोठवायचं, बर्फावर एक नाणं ठेवायचं. नाणं वर दिसलं तर सगळं ठीक. ते बुडालं असेल तर आतलं मांस वितळलं होतं, मग पुन्हा कितीही कडक झालेलं असो, टाकून द्यायचं.

पेल्यात पाणी होतं. नाणं तळाला होतं.

मी वरची पिशवी उचलली, तर ती माझ्या बोटांवरून दोन्हीकडे लोंबली. वायरीवर हात ठेवत मी भिंतीपर्यंत गेले. प्लग जमिनीवर पडलेला. आणि सॉकेटमध्ये एक लांबलचक केशरी वायर होती, ती गॅरेजच्या दाराखालून बाहेर, टॅरिनच्या पिकअप ट्रकच्या नाकापर्यंत गेलेली.

"लायल!" मी दबक्या आवाजात ओरडले. असं ओरडता येतं, सवय लागते.

तो अंगणातून आला. वायरीकडे बघितलं, फ्रीझरकडे बघितलं, मग टोपी काढली.

"शुक्रवारी," तो म्हणाला. "बाहेरचं सॉकेट बर्फ काढताना फावड्यानं फुटलं. शून्याखाली तीस होतं, डार्ला. रात्रभर विजेवर इंजिनाला शेक दिला नसता तर तो ट्रक हूं की चूं करणार नव्हता. तिचं बोलावणं कधीही येणार, पहिल्याच दिवशी ट्रक बंद पडला असता तर?"

"आणि गॅरेजच्या सॉकेटचं दुसरं भोक?"

"ते कधीच जळालंय. म्हटलं, गॅरेजातच एवढी थंडी आहे, फ्रीझरला काय धाड भरलीय! एका रात्रीचा तर प्रश्न."

"मग?"

"मग शिनूक आला."

"शिनूक आला, आणि तू विसरलास."

"विसरलो."

रविवारी झाकण उघडलं तेव्हा सगळं दगडासारखं होतं, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. वारा आला तो रविवारी रात्री.

"तिला सांगू नको," लायल म्हणाला. "जाऊ दे तिला. मग बघू आपण."

"काय बघू? पोरीला एल्कचा रस्सा पाजू?"

"डार्ला, हळू—"

"तुमचं दोघांचं काय चाललंय?"

टॅरिन दारात उभी होती. पायात कामाचे बूट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, काखेत हॅटी. मी तोंड उघडलं, पण लायल माझ्यापुढे गेला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

"मी फ्रीझरचा प्लग काढला. तुझ्या ट्रकसाठी. शुक्रवारी. तो परत लावायचा राहिला."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं हॅटीला माझ्याकडे दिलं, बाह्या वर केल्या आणि फ्रीझरपाशी गेली. मालगाडीखाली ब्रेक तपासताना करत असेल तसं एकेका पिशवीला हात लावत ती बाहेर काढू लागली. "मांसाचा थर्मामीटर," ती लायलकडे न बघता म्हणाली. तो धावला. तिनं तो दोन पिशव्यांमध्ये धरला, थांबली, आणि त्या पिशव्या बादलीत टाकल्या. मग पुढच्या. मग त्यापुढच्या. वरचा सगळा थर बादलीत गेला. शिंकताना, रडताना, पहाटे डोळे मिटलेले असताना काढलेलं ते दूध होतं. मला बादलीकडे बघवेना.

खालच्या थराशी ती हळू झाली. एक पिशवी कानाशी नेऊन हलवली. आत बर्फाचा चुरा वाजला. "ही चालेल," ती म्हणाली. "पण उद्या संध्याकाळपर्यंतच." अशा मूठभर निघाल्या. मग फळीच्या या बाजूला नुसता ओला पत्रा राहिला.

"एवढं, आणि आत्ता काढलेली बाटली," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात रविवारपासून काही साठलंच नाही, हॅटी सारखी पितेय. उद्या संध्याकाळनंतर काही नाही."

छपरावरून पाणी ठिबकत होतं. हॅटी माझ्या मानेवर तोंड घासत होती. भूक लागायला लागली की ती तसं करते.

टॅरिननं खिशातून फोन काढला. "कळवते. येत नाही म्हणून."

त्याचा अर्थ मला ठाऊक होता. गरोदरपणात ओकाऱ्यांपायी तिची इतकी बोलावणी हुकली होती की आता एक हुकलं तर चौकशी, आणि चौकशीनंतर बहुतेक घरी. या गावात दुसरी नोकरी म्हणजे पेट्रोल पंपाचा काउंटर. तिथे मी उभी असते. मला माहितेय तिथून काय दिसतं.

"कळव," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिचा अंगठा फोनवर गेला.

"थांब," लायल म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "अजून आहेत. गेले दोन-तीन रविवार तू मला गठ्ठा देत होतीस ना ठेवायला... तुझ्या बाजूला जागा संपली होती."

"मग?"

"मग मी... माझ्या बाजूला ठेवल्या."

"एल्कवर?"

"एल्कखाली."

"माझ्या पिशव्या तुमच्या एल्कच्या खाली?"

"पिशवीत पिशवी घातलीय. दोनदा गुंडाळून. गाठ मारलीय. रक्त लागणार नाही."

"खाली कशाला पण?"

"वर ठेवल्या असत्या तर तुला दिसल्या असत्या."

टॅरिन त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता सहा वर्षांचं सगळं बाहेर पडणार.

"मग उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "काढा ना!"

लायल फ्रीझरमध्ये डोकं खाली घालून शिरला. आधी त्याचे खांदे गेले, मग पोट काठावर टेकलं, मग दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. आतून गठ्ठे वर येऊ लागले आणि टॅरिन ते झेलू लागली. फासळ्या. सॉसेज. मांडी. वरचे मऊ पडलेले होते, कागद ओले. जसजसं खालचं येत गेलं तसतसे तिचे हात जास्त खाली वाकायला लागले, आणि खालचं मांस बाकावर ठेवताना धाड् असा आवाज यायला लागला.

"आलं," आतून आवाज आला. "आलं, आलं. माझे पाय धरा कुणीतरी!"

आम्ही त्याला ओढून काढलं. हातात पावाची प्लास्टिकची पिशवी, गच्च भरलेली, गाठ मारलेली, तशाच आणखी दोन. त्याच्या बोटांना गाठ सुटेना. टॅरिननं ती दातांनी फाडली.

एक चपटी, पिवळसर पांढरी पिशवी काढून तिनं फ्रीझरच्या काठावर आपटली.

टक्.

आमच्या चर्चच्या घंटेला असा आवाज कधी आला नाही.

तिनं दुसरी आपटली. टक्. तिसरी. एकही न सोडता तिनं सगळ्या वाजवून बघितल्या. तिच्या हनुवटीखाली एक शीर उडत होती, ती शेवटच्या टक्नंतर थांबली.

"उद्याची रात्र," ती म्हणाली. "परवाचा दिवस. डोंगरात रुळांवर बर्फ घसरला नाही तर तोवर मी येते."

"नाही घसरणार," लायल म्हणाला.

"तुम्ही सांगू नका काही. तुम्ही शिनूकलाही येऊ दिलंत."

तो हसावं की नाही याचा अंदाज घेत राहिला. मला मात्र हसू फुटलं, आणि डोकंही दुखलं.

दगडासारख्या पिशव्या आम्ही स्वयंपाकघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. टॅरिननं हॅटीला उभ्या उभ्याच पाजलं, जाकिटासकट. मग पंप, त्याच्या बॅटऱ्या आणि छोटी थंड पेटी उचलली. इंजिनात पंप कसा करणार विचारलं तर म्हणाली, "ड्रायव्हरला पाच मुलं आहेत. त्याला म्हणीन, सिग्नलकडे बघ." तिनं बाहेर जाऊन ट्रकची केशरी वायर उपसली आणि गुंडाळून लायलच्या गळ्यात घातली.

"एवढ्या उकाड्यात इंजिनाला शेक!"

तिनं पेल्यातलं पाणी ओतून टाकलं, नाणं पँटला पुसलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "नवीन बर्फावर ठेव. आणि रोज बघ. रोज. कळलं का तुला?"

"कळलं," लायल म्हणाला.

ट्रक पहिल्याच फटक्यात सुरू झाला. हे त्याच्या लक्षात आलं, माझ्याही.

संध्याकाळी बर्फाचा चुरा असलेली पहिली पिशवी मी गरम पाण्यात धरली. मनगटावर थेंब टाकला, आणि मग, कुणी बघत नाहीसं पाहून, चाखला. पातळ, गोड, थोडासा साबणासारखा वास. माझ्याच लेकीचं. हॅटीनं बाटली तोंडात घेतली आणि मी काउंटरवर मोठी नोट उजेडात धरून बघते तसं मला निरखलं. मग प्यायला लागली. वारा उत्तरेचा झाला होता, थंडी परतत होती. खिडकीच्या चौकटी कुरकुरायला लागल्या. यार्डाकडून भोंगा ऐकू आला. हॅटी थांबली, ऐकलं, आणि पुन्हा प्यायला लागली.

लायल गॅरेजात घडीची खुर्ची टाकून बसला होता. फ्रीझर घोरत होता. मी दार उघडलं तर म्हणाला, "यार्डात तिच्या ट्रकला प्लग असेल का गं?"

"लायल, गप बस."

डोंगरात बर्फ घसरला नाही, पण व्हाइटफिशला तिला परतीची गाडी लवकर मिळाली नाही. गुरुवारी अंधार पडताना ती आली, डोळ्यांखाली काजळीसारखी वर्तुळं घेऊन. तेव्हा शेवटची पिशवी पातेल्यातल्या पाण्यात तरंगत होती, निम्मी वितळलेली. तिनं बूट न काढता हॅटीला घेतलं आणि जमिनीवरच बसली. बराच वेळ घरात फक्त गिळण्याचा आवाज होता.

मग ती उठली. थंड पेटीतून इंजिनात काढलेल्या दुधाच्या पिशव्या काढल्या, लायलनं न मागताच पुढे केलेली पावाची एक रिकामी पिशवी घेतली, दोनदा गुंडाळून गाठ मारली आणि गॅरेजात गेली. आम्ही मागोमाग. तिनं झाकण उघडलं. नाणं बर्फावर होतं. तिनं आधी फळी उपसून बाजूला ठेवली.

"लायल," ती म्हणाली, "ती मांडी जरा उचल."