मधे उगवलेला पट्टा

जेवणाची ताटं कोपराने सारून तिने लॅपटॉप बाबांसमोर उघडला.

"बघा. पट्टे उडी मारतात."

बाबांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. न आवडणारं काही कानावर आलं की त्यांचा चष्मा हटकून मळलेला निघायचा. पडद्यावर चुंबकाचा अतिपातळ थर होता, म्हणजे संगणकाने आकड्यांतून रचलेला: चुंबकत्व वर वळलेलं तिथे काळा पट्टा, खाली वळलेलं तिथे पांढरा. थर तापवत नेला की पट्टे अरुंद होत जातात आणि शेवटी विरून जातात. ते हळूहळू, सरकत अरुंद होतात, असं बाबांनी तरुणपणी कागदावर मांडलं होतं. निवृत्तीनंतरही लोक त्यांना ओळखत ते त्या एका मांडणीमुळे. लेकीच्या पडद्यावर मात्र आठ काळे पट्टे बराच वेळ ढिम्म बसून राहिले आणि एकदम नऊ झाले.

हे सांगायचं ती कधीपासून टाळत होती. लेख तयार होता, तिचा एकटीचा, पहिला. पण बाबांना न दाखवता पाठवायला मन धजत नव्हतं. आणि बघून ते नुसतं "छान" म्हणाले असते, तर तेही तिला झोंबलं असतं.

"खोकं केवढं घेतलंस?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे मीच चुकले ना!"

"अगं, नुसतं विचारतोय."

खोकं म्हणजे ज्यात हे सगळं घडतं तो गणितातला चौकोन. त्याची उजवी कड डावीला जोडलेली, त्यामुळे आत पट्टे अख्खेच मावणार. आठ किंवा नऊ, साडेआठ नाही. हे तर ती स्वतःच वर्गात शिकवायची.

तिने खोकं दुप्पट केलं. पट्ट्यांच्या रुंदीतली उडी जवळजवळ निम्मी झाली. आणखी मोठं केलं, आणखी बारकी झाली. म्हणजे उडी खोक्यामुळेच. टेबलावरचं जेवण केव्हाच गार झालं होतं.

"घ्या, जिंकलात," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटायला गेली. तिला रडू येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

बाबांनी मधे हात घातला.

"थांब. मागे घे. हळू."

तिने चित्रं मागे घेतली आणि हळूहळू पुढे सोडली. आजवर तिने पट्ट्यांची सरासरी रुंदी तेवढी मोजली होती. एकेक चित्र कोण बघत बसतंय! आता एका पांढऱ्या पट्ट्याच्या पोटात बारीक काळी रेघ उमटली. शेजारच्यांना ढोसत ती दोन्ही टोकांनी वाढत गेली. कडेपर्यंत पोहोचली तेव्हा एक पट्टा जास्त झाला होता.

"तुमच्या मांडणीत हा कुठून येतो?" तिने विचारलं.

बाबा चोरी पकडली गेल्यासारखे हसले.

"येतच नाही. माझे पट्टे सगळे कडेपासून कडेपर्यंत अखंड. गणित सोपं व्हावं म्हणून तसं धरलं, आणि धरलंय हेच विसरलो." त्यांनी खुर्ची तिच्या बाजूला ओढली. "रेघ उमटते कधी, ते मोजलंस?"

"नाही."

"मग मोज की! बघतेस काय?"

आई दारात आली.

"ठरलं का कोण चुकलं ते?"

"दोघंही," बाबा खुशीत म्हणाले.

"मग जेवा आता."

कोणी हललं नाही. तिने जुना लेख बंद करून कोरं पान उघडलं.

"आपण दोघं लिहू या?"

"तू लिही. पहिलंच वाक्य घाल: यांनी पट्टे कधी तुटू दिले नाहीत. आणि नाव घेऊन लिही, भीड नको."

तिने वाक्य लिहिलं. मग 'यांनी' खोडून तिथे त्यांचं आडनाव घातलं. शीर्षकाखाली लेखिकेच्या जागी, स्वतःच्या नावापुढेही तिला तेच आडनाव लिहायचं होतं.